सुरक्षा धोरण नव्याने लिहिताना ‘जाब कोणी द्यायचा’ हा रकाना आधी भरा

साताऱ्याच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ते एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सांगलीतील विभागीय कार्यालयात प्रशासन आणि मनुष्यबळ ही दोन्ही कामे पाहतात. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत मिळून त्यांचे चाळीसेक कर्मचारी आहेत, आणि दरवर्षी त्यांच्यापैकी तीन-चार जण संस्थेच्या आफ्रिकेतील प्रकल्पांवर काही महिन्यांसाठी जातात. युरोपातील मुख्यालयाने 2014 सालचे कर्मचारी सुरक्षा धोरण तीन महिन्यांत अद्ययावत करण्यास आणि त्याला उत्तरदायित्वाचा तक्ता जोडण्यास सांगितले आहे. जुने धोरण 64 पानांचे असून ते कोणी वाचलेले नाही. तक्त्याचा जो मसुदा वरून आला आहे, त्यात बहुतेक ओळींसमोर ‘सुरक्षा समन्वयक’ असे लिहिलेले आहे आणि मूळ काम सांभाळून ते पदही त्यांच्याकडेच देण्यात आले आहे. धोरणाची भाषा कशी सुधारावी आणि नमुना म्हणून कोणत्या संस्थेचे धोरण घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी मूळची मिरजेची. आंतरराष्ट्रीय संस्थांमध्ये मी बावीस वर्षे काम केले. त्यातील पहिली काही वर्षे प्रशासन अधिकारी म्हणून आणि पुढची सर्व वर्षे सुरक्षा सल्लागार म्हणून, नेपाळ, केनिया आणि दक्षिण सुदानमध्ये. आता सांगलीत राहते आणि छोट्या संस्थांना त्यांची धोरणे तपासून देते. त्यामुळे तुमच्या खुर्चीवर बसून हेच काम मी केलेले आहे. तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे: तक्त्यातील बहुतेक ओळींसमोर तुमचेच पद आहे. भाषा आणि नमुना यांच्याकडे मी शेवटी येईन, कारण हे वाक्य जसेच्या तसे राहिले तर उरलेले धोरण कितीही नेटके लिहिले तरी अडचणीच्या दिवशी ते उपयोगी पडणार नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. तुमची संस्था भारतात कोणत्या स्वरूपात नोंदलेली आहे, भारतातील कर्मचाऱ्यांचे नियुक्तिपत्र कोणाच्या नावे निघते आणि विमा कोणत्या देशातून घेतलेला आहे, यांवर कायदेशीर उत्तरदायित्व बदलते. मी वकील नाही, म्हणून त्या भागासाठी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलांकडून मसुदा एकदा वाचून घ्या. कामाच्या स्वरूपानेही फरक पडतो. शाळांमध्ये प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेची जोखीम आणि महापुरात बोटीतून धान्य पोहोचवणाऱ्या संस्थेची जोखीम सारखी नसते. मात्र उत्तरदायित्व कसे वाटावे याचा विचार मी पाहिलेल्या सर्व ठिकाणी जवळजवळ एकाच मार्गाने जातो.

मराठीत आपण ‘जबाबदारी’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, आणि माझ्या अनुभवात निम्मा गोंधळ तेथूनच सुरू होतो. गाडीतील प्रथमोपचार पेटी तपासणे ही एखाद्याची जबाबदारी असते; आणि ती पेटी रिकामी असताना गाडी बाहेर का पडली, याचा जाब देणे हीसुद्धा जबाबदारीच म्हटली जाते. पहिली गोष्ट पाच जणांत वाटता येते. दुसरी वाटता येत नाही. ती एका वेळी एकाच व्यक्तीकडे असावी लागते, आणि त्या व्यक्तीकडे निर्णयाचा अधिकार व खर्चाची मुभा असावी लागते. म्हणून तुमच्या तक्त्यात प्रत्येक ओळीसमोर तीन रकाने करा: काम कोणाचे, जाब कोणी द्यायचा, आणि त्यासाठी कोणता निर्णय व किती खर्च वर न विचारता करता येतो. तिसरा रकाना भरताना दुसऱ्या रकान्यातील नाव कित्येकदा बदलावे लागते. तुमच्या मसुद्यात तेच होईल, कारण मुख्यालयाने तुमच्याकडे काम आणि जाब दोन्ही दिले आहेत आणि अधिकाराबद्दल काहीच लिहिलेले नाही.

हा भेद या क्षेत्राने फार मोठी किंमत देऊन शिकलेला आहे. 19 ऑगस्ट 2003 रोजी बगदादमधील कनाल हॉटेल या इमारतीलगत ट्रकमधील स्फोटकांचा स्फोट झाला आणि तेथील संयुक्त राष्ट्रसंघाच्या कार्यालयात 22 जणांचा मृत्यू झाला. महासचिवांचे विशेष प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा द मेल्लो त्यांपैकी एक होते. त्यानंतर फिनलंडचे माजी अध्यक्ष मार्टी अहतीसारी यांच्या नेतृत्वाखालील स्वतंत्र समितीने ऑक्टोबर 2003 मध्ये अहवाल दिला आणि संघटनेची सुरक्षा व्यवस्थापनाची यंत्रणाच निकामी झाल्याचे स्पष्ट शब्दांत नोंदवले. नियम होते, ते पाळले जात आहेत की नाही हे पाहणारी आणि न पाळल्यास विचारणारी साखळी नव्हती. पुढच्या चौकशीत एक तपशील समोर आला, जो मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. खिडक्यांच्या काचांवर स्फोटरोधक फिल्म बसवण्याचे काम वेळेत झाले नव्हते आणि उडालेल्या काचांनी अनेक जण जखमी झाले. फिल्म हवी हे माहीत होते. ती बसवण्याचे काम प्रशासन आणि इमारत व्यवस्थापनाच्या साखळीत होते, आणि त्या साखळीतील अधिकाऱ्यांना पुढे त्याबद्दल उत्तर द्यावे लागले. तुम्ही प्रशासन पाहता, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे: खरेदीची एखादी फाइल ही सुरक्षेची फाइल असू शकते, आणि ती किती दिवसांत पुढे सरकली पाहिजे हे धोरणात लिहिलेले असले पाहिजे.

डिसेंबर 2004 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने स्वतंत्र सुरक्षा विभाग स्थापन केला. तरीही 11 डिसेंबर 2007 रोजी अल्जियर्समधील हल्ल्यात संघाचे 17 कर्मचारी मृत्युमुखी पडले आणि अल्जेरियाचे माजी परराष्ट्रमंत्री लखदर ब्राहिमी यांच्या समितीला 2008 मध्ये उत्तरदायित्वाचाच प्रश्न पुन्हा मांडावा लागला. आज संघाची जी उत्तरदायित्वाची चौकट आहे, तिच्यात महासचिवांपासून वॉर्डनपर्यंत (म्हणजे आपल्या भागातील कर्मचाऱ्यांशी संपर्क ठेवणाऱ्या सहकाऱ्यापर्यंत) आणि साध्या कर्मचाऱ्यापर्यंत प्रत्येकाकडून काय अपेक्षित आहे हे लिहिलेले आहे. तिच्यातील दोन गोष्टी तुमच्या चाळीस माणसांच्या कार्यालयालाही लागू पडतात. पहिली अशी, की प्रत्येक देशात सुरक्षेचा जाब देणारा एक ‘डेझिग्नेटेड ऑफिशियल’ नेमलेला असतो आणि तो बहुधा तेथील सर्वांत वरिष्ठ अधिकारी असतो. व्यावसायिक सुरक्षा सल्लागार त्याला सल्ला देतो, पण निर्णय त्या अधिकाऱ्याचा असतो. दुसरी अशी, की सर्व उपाय करून झाल्यावर जी जोखीम उरते ती जितकी मोठी, तितक्या वरच्या पातळीवर ती स्वीकारण्याची सही व्हावी लागते. तुमच्या मसुद्यात नेमके उलटे झाले आहे: सल्ला देणाऱ्याकडे जाब आहे, आणि उरलेली जोखीम कोण स्वीकारतो याबद्दल एकही ओळ नाही.

मी तुमच्या जागी असते तर भूमिका अशा मांडल्या असत्या. संचालक मंडळाने वर्षातून एकदा सुरक्षेचा आढावा घ्यावा आणि अंदाजपत्रकात तिच्यासाठी वेगळी ओळ ठेवावी. प्रकल्पाच्या पैशांतून उरले तर सुरक्षा, अशी पद्धत असेल तर मंडळाने ती लेखी बंद करावी. देशप्रमुखांनी जाब द्यावा आणि उरलेल्या जोखमीवर सही करावी. याविषयी फारसा वाद होत नाही. वाद होतो आणि खरे काम असते ते त्याखालच्या पायरीवर, म्हणजे कार्यक्रमप्रमुखांच्या पायरीवर, आणि बहुतेक धोरणांत ती पायरीच गाळलेली असते.

याचे कारण असे, की सुरक्षेचे बरेचसे निर्णय वेळापत्रक करताना होऊन जातात आणि ते करणाऱ्याला आपण सुरक्षेचा निर्णय घेत आहोत असे वाटतही नाही. पाटण तालुक्यातील गावसभेची वेळ दुपारी चारची ठरली, की परतीचा प्रवास अंधारात होणार हे त्याच क्षणी ठरते. मग धोरणात रात्री सातनंतर प्रवास नको असे लिहिलेले असले तरी साडेसातला ड्रायव्हर गाडी घाटात घालतो, आणि काही घडले तर चौकशी ड्रायव्हरची आणि सुरक्षा समन्वयकाची होते. माझ्या मते येथे जाब सभेची वेळ ठरवणाऱ्या कार्यक्रमप्रमुखाने द्यायला हवा, आणि तसे त्यांच्या पदाच्या कामाच्या वर्णनात व वार्षिक मूल्यमापनात लिहिलेले हवे. हे वाक्य घालताना तुम्हाला सर्वांत जास्त विरोध होईल. तरी ते घालाच, कारण त्याच्याशिवाय प्रवासाचे नियम फक्त गाडी चालवणाऱ्याला लागू राहतात.

आता तुमचे स्वतःचे पद. सुरक्षा समन्वयकाने माहिती गोळा करावी, स्थानिक आराखडा ताजा ठेवावा, नव्या माणसाला रुजू होतानाच माहिती द्यावी, सराव घ्यावेत, घटनांची नोंद ठेवावी आणि प्रमुखांना लेखी सल्ला द्यावा. सल्ला मानला गेला नाही तर तो का मानला नाही हे प्रमुखांनी दोन ओळींत लिहून द्यावे, अशी तरतूद ठेवा. त्यामागे अविश्वास नाही, तर पुढच्या वेळी त्याच प्रसंगात कोणी नवीन माणूस असेल, त्याला आधीचा विचार कळावा हा हेतू आहे. या कामाला आठवड्याचे किती तास मिळणार हेही तक्त्यात लिहा. मूळ काम सांभाळून असे शब्द असतील तर तेथे तासांचा आकडा मागून घ्या. तुम्ही रजेवर असाल तेव्हा हे काम कोण पाहील, त्याचे पदही लिहा.

अधिकाराबद्दल मी वर्षानुवर्षे एक साधा नियम वापरत आले आहे. काम थांबवण्याचा अधिकार सर्वांत खालच्या पायरीपर्यंत द्यावा आणि थांबवलेले काम पुन्हा सुरू करण्याचा अधिकार वर ठेवावा. ड्रायव्हरला रस्ता धोक्याचा वाटला तर त्याने गाडी थांबवावी, आणि मागे बसलेला अधिकारी कितीही वरिष्ठ असला तरी त्याने ती पुढे न्यायला लावू नये. पुढे जायचे असेल तर कार्यक्रमप्रमुखाला फोन करून तसा निर्णय घ्यावा आणि तो त्यांच्या नावावर नोंदवावा. थांबल्यामुळे कोणाचे वेतन, मूल्यमापन किंवा कंत्राट यांवर परिणाम होणार नाही, हे त्याच परिच्छेदात लिहा. ते वाक्य नसेल तर कंत्राटी ड्रायव्हर हा अधिकार कधीही वापरणार नाही.

सांगलीकरांना हा विचार समजावणे सोपे आहे, कारण पावसाळ्यात आपण सगळे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी फुटांत मोजत असतो. 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी, हे येथे शाळकरी मुलालाही माहीत असते. आकडा सर्वांना ठाऊक असतो. त्या आकड्याला आपल्या कार्यालयात कोणी काय करायचे, हे मात्र ठरलेले नसते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात येथील पातळी 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा मी घरी आलेली होते आणि ओळखीच्या एका संस्थेच्या कार्यालयाला मदत करत होते. त्यांच्या धोरणात ‘पूरस्थितीत योग्य ती खबरदारी घ्यावी’ असे वाक्य होते. गाड्या उंचावर हलवण्यासाठी आणि पर्यायी जागा भाड्याने घेण्यासाठी पुण्याहून ईमेलने मंजुरी यायची होती. सांगलीतील समन्वयक अनुभवी होता, पाणी चढते आहे हे त्याला दिसत होते, आणि तो मंजुरीची वाट पाहत होता. मंजुरी आली तेव्हा तळघरातील दोन गाड्या पाण्याखाली होत्या आणि कागदपत्रे वर नेण्यासाठी थांबलेले तीन सहकारी दोन रात्री वरच्या मजल्यावर अडकून पडले. कोणी निष्काळजी नव्हते. त्या समन्वयकाला पाच हजार रुपये खर्च करण्याचा अधिकार नव्हता, एवढेच कारण होते, आणि ते आठवले की मला आजही वाईट वाटते.

म्हणून तुमच्या स्थानिक आराखड्यात पातळीचे आकडे लिहा आणि प्रत्येक आकड्यासमोर कृती, पद आणि खर्चाची मर्यादा लिहा. उदाहरणार्थ, पाणी 35 फुटांवर आले आणि कोयना धरणाचा विसर्ग वाढल्याची सूचना असेल, तर समन्वयकाने कोणालाही न विचारता गाड्या, संगणक आणि मूळ कागदपत्रे उंचावरच्या ठरलेल्या जागी हलवावीत; 40 फुटांवर कार्यालय बंद करून सर्वांनी घरून काम करावे आणि ज्यांचे घर पूरपट्ट्यात आहे त्यांच्या कुटुंबांसाठी ठरवलेली मदत सुरू व्हावी; त्यापुढे बचावकार्यात भाग घ्यायचा की नाही हा निर्णय देशप्रमुखांचा असावा. हे आकडे माझे उदाहरण आहे. कार्यालय सांगलीच्या नदीकाठच्या गावभागात असेल तर ते खाली आणावे लागतील आणि नदीपासून दूरच्या विश्रामबागेत असेल तर वेगळे ठेवता येतील. सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे 2019 च्या त्याच महापुरात लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून माणसे बुडाली, ते सर्वांना आठवत असेल. त्यामुळे आपल्या माणसाने बोटीत कधी बसायचे, जीवरक्षक जाकिटाशिवाय कधीच बसायचे नाही, आणि बोट भरली आहे हे कोणी म्हणायचे, एवढे तरी त्या आराखड्यात हवेच. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077 आहे. लोकांच्या सुरक्षेचे प्राथमिक कर्तव्य शासनाचे असते, हे संयुक्त राष्ट्रसंघाच्या चौकटीतही मान्य केलेले आहे, म्हणून तुमचा आराखडा त्यांच्या सूचनांना धरून असावा, त्यांना समांतर नव्हे. कोल्हापुरात पंचगंगेचे आणि पाटण, महाबळेश्वरकडे दरडींचे निकष वेगळे लिहावे लागतील. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. तुमचे कर्मचारी त्या भागात मुक्काम करत असतील तर मुक्कामाची जागा कोण तपासतो, ही ओळही तक्त्यात यायला हवी.

रस्त्यांचा भाग मी याहून ठळक करीन. परदेशातून आलेल्या नमुना धोरणात अपहरणावर नऊ पाने आणि वाहनांवर अर्धे पान असते, आणि तेच प्रमाण सांगलीत उतरवले जाते. तुमच्या तीन जिल्ह्यांत तुमच्या माणसाला सर्वांत जास्त धोका पुणे-बंगळूर महामार्गावर, खंबाटकीसारख्या घाटांत, आणि ऊस गाळपाच्या हंगामात अंधारात मागचा दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरपाशी आहे. हंगामाच्या महिन्यांत प्रवास संपवण्याची वेळ आणखी अलीकडे आणावी असे माझे मत आहे. मागच्या आसनावरही सीटबेल्ट, दुचाकीवर बसणाऱ्या दोघांनाही हेल्मेट, ड्रायव्हरच्या कामाच्या तासांवर मर्यादा, आणि गावी मुक्काम करावा लागला तर त्याच्या खर्चाला आपोआप मंजुरी, या चार गोष्टी पाळल्या गेल्या तरी मोठे काम होईल. शेवटची गोष्ट विशेषतः महत्त्वाची आहे, कारण मुक्कामाचा खर्च नामंजूर होईल या भीतीनेच लोक रात्री परत निघतात.

पुढचा प्रश्न कर्मचारी म्हणजे कोण, हा आहे. 25 एप्रिल 2015 रोजी नेपाळमध्ये भूकंप झाला, तेव्हा मी काठमांडूत होते. शनिवार होता, तेथे साप्ताहिक सुटी असते, त्यामुळे सगळे घरी किंवा बाहेर विखुरलेले होते. आमच्या कार्यालयाने संध्याकाळपर्यंत यादीतील सर्वांची खुशाली मिळवली आणि तसे मुख्यालयाला कळवले. रात्रपाळीचा सुरक्षारक्षक आणि सफाईचे काम करणाऱ्या दोन बाई त्या यादीत नव्हत्या, कारण त्या एजन्सीच्या कर्मचारी होत्या. त्यांचा पत्ता तिसऱ्या दिवशी लागला. तिघे सुखरूप होते, पण त्या तीन दिवसांत आम्ही त्यांना शोधतही नव्हतो, याचे उत्तर माझ्याकडे आजही नाही; ती यादी मी केलेली होती. तुमच्या धोरणाच्या पहिल्याच पानावर कायम, कंत्राटी, एजन्सीचे, स्वयंसेवक, प्रशिक्षणार्थी आणि भागीदार संस्थेचे लोक यांच्यापैकी कोणासाठी काय लागू आहे हे स्वच्छ लिहा. स्थानिक भागीदार संस्थेला तुम्ही काम देत असाल, तर त्या कामातील जोखीमही तुम्ही त्यांच्याकडे देत असता. म्हणून करारात जाकिटे, विमा आणि वाहन यांच्या खर्चाची ओळ हवी. काही सोयी सर्वांना देता येणार नाहीत, हे मला माहीत आहे. परदेशी कर्मचाऱ्याला देशाबाहेर हलवले जाते आणि स्थानिक कर्मचाऱ्याला बहुधा नाही. असा फरक असेल तर तो लपवू नका. तो लिहा, आणि स्थानिक माणसासाठी त्याऐवजी काय केले जाईल, जसे आगाऊ वेतन किंवा कुटुंबासह जिल्ह्यातच सुरक्षित ठिकाणी हलण्याचा खर्च, तेही लिहा.

आफ्रिकेत जाणाऱ्या तीन-चार जणांबाबत एक निकाल तुमच्या देशप्रमुखांना अवश्य दाखवा. जून 2012 मध्ये केनियातील दादाब येथील निर्वासित छावणीत नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिल या संस्थेच्या ताफ्यावर हल्ला झाला; एक ड्रायव्हर ठार झाला आणि चार कर्मचाऱ्यांचे अपहरण झाले, त्यांची चार दिवसांनी सुटका झाली. त्यांपैकी एकाने संस्थेवर दावा केला आणि नोव्हेंबर 2015 मध्ये ऑस्लोच्या जिल्हा न्यायालयाने संस्थेला गंभीर निष्काळजीपणासाठी जबाबदार धरून सुमारे 44 लाख नॉर्वेजियन क्रोनर भरपाई देण्यास सांगितले. अपहरणाचा धोका आधीच ओळखता येण्यासारखा होता आणि तो कमी करण्याचे उपाय हाताशी होते, हा त्या निकालाचा गाभा होता. तो नॉर्वेचा कायदा आहे आणि भारतात तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण युरोपात मुख्यालय असलेल्या संस्थांनी त्यानंतर आपली धोरणे पुन्हा उघडली, आणि तुमच्याकडे आलेली सूचनाही त्याच प्रवाहातली असण्याची शक्यता आहे. यातून घ्यायचे ते असे: जाणाऱ्याला तेथील धोके त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितले गेले, त्याने ते समजून होकार दिला, त्याला नकार देता आला असता, आणि आलेला नकार त्याच्या विरुद्ध वापरला गेला नाही, या चारही गोष्टींची नोंद असली पाहिजे. केवळ सही घेतलेला फॉर्म म्हणजे संमती नव्हे. तो माणूस तेथे पोहोचल्यावर त्याच्याबद्दलचा जाब सांगलीचा प्रमुख देतो की तेथील देशप्रमुख, हे विमानात बसण्यापूर्वी ठरलेले असावे. मी पाहिलेल्या वाईट प्रसंगांपैकी बरेच या दोन प्रमुखांच्या मधल्या जागेत घडलेले आहेत.

स्त्री कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेबाबत वेगळे प्रकरण लिहून तेथेच थांबू नका. 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात कामानिमित्त भेट दिलेले ठिकाण आणि त्यासाठी मालकाने पुरवलेले वाहन हेसुद्धा कामाचे ठिकाण मानलेले आहे, आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती बंधनकारक आहे. म्हणून प्रवासातील तक्रार सुरक्षेच्या घटनेत धरायची की समितीकडे न्यायची, असा घोळ होऊ देऊ नका; मदत ताबडतोब सुरक्षा व्यवस्थेने द्यावी, चौकशी समितीने करावी, आणि तक्रारदाराचे नाव घटनानोंदीत येऊ नये.

घटनांची नोंद हा विषय छोटा वाटतो, पण उत्तरदायित्वाची परीक्षा तेथे होते. थोडक्यात टळलेले अपघात तुमच्या नोंदीत नसतील, तर ते घडत नाहीत असा अर्थ काढू नका. लोकांना सांगायची भीती वाटते, असा काढा. जाब देणे म्हणजे शिक्षा होणे, अशी समजूत एकदा झाली की कोणी काही कळवत नाही. प्रामाणिक चूक, नियम माहीत नसणे, आणि माहीत असून वारंवार डावलणे या तिन्हींना वेगवेगळा प्रतिसाद मिळेल, हे धोरणात लिहा, आणि पहिल्या प्रकारात कळवणाऱ्याचे आभार मानण्याची पद्धत प्रमुखांनी स्वतः सुरू करावी.

एवढे ठरले की भाषा आणि नमुना यांचा प्रश्न बराच सोपा होतो. नमुन्यासाठी ग्लोबल इंटरएजन्सी सिक्युरिटी फोरम या मदतसंस्थांच्या सुरक्षाविषयक मंचाच्या मार्गदर्शिका मोफत मिळतात आणि प्रवासाच्या जोखमीसाठी 2021 चे आयएसओ 31030 हे मानक आहे. त्यांतून शीर्षके घ्या, मजकूर घेऊ नका. 64 पानांचे तीन भाग करा. धोरण आठ-दहा पानांचे असावे आणि ते क्वचित बदलावे. त्यात तत्त्वे, व्याप्ती आणि तक्ता एवढेच असावे. प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा वेगळा असावा आणि तो दरवर्षी मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वी, तसेच प्रत्येक गंभीर घटनेनंतर बदलावा. प्रत्यक्ष कृतीच्या सूचना मराठीत, एका-दोन पानांच्या, गाडीत आणि भिंतीवर राहतील अशा असाव्यात. तक्त्यात व्यक्तींची नावे न घालता पदे घाला. नावे आणि फोन नंबर आराखड्यात ठेवा, म्हणजे बदली झाली तर धोरण जुने होत नाही.

तीन महिन्यांपैकी पहिला महिना लिहू नका. ड्रायव्हर, सुरक्षारक्षक, गावपातळीवरचे कार्यकर्ते आणि आफ्रिकेतून परतलेले सहकारी यांच्याशी प्रमुखांच्या अनुपस्थितीत बोला आणि गेल्या वर्षभरात कोठे भीती वाटली, एवढेच विचारा. दुसऱ्या महिन्यात मसुदा करा. तिसऱ्या महिन्यात सर्व प्रमुखांना एका टेबलाभोवती बसवून दोन तासांचा सराव घ्या: रात्रीचे नऊ वाजले आहेत, पाणी 38 फुटांवर आहे, एक गाडी इस्लामपूरजवळ अडकली आहे, देशप्रमुख विमानात आहेत, निर्णय कोणाचा? ज्या ज्या प्रश्नावर दोन माणसे एकदम बोलतील किंवा कोणीच बोलणार नाही, तेथे तक्ता अपुरा आहे असे समजून त्याच दिवशी दुरुस्ती करा.

हे सगळे सुरू करण्यापूर्वी, आलेल्या मसुद्यावर समन्वयक म्हणून सही करू नका. देशप्रमुखांना आदरपूर्वक एक पत्र लिहा आणि त्यात एवढेच विचारा: “सुरक्षा समन्वयक म्हणून सल्ला देणे, तयारी करणे आणि नोंद ठेवणे ही कामे मी स्वीकारतो. त्यांसाठी आठवड्याला किती तास राखून ठेवले आहेत, आणीबाणीत विचारणा न करता मी किती रुपयांपर्यंत खर्च करू शकतो, कार्यालय बंद करण्याचा व प्रवास थांबवण्याचा अधिकार मला आहे का, आणि उरलेल्या जोखमीचा जाब कोणाकडे आहे, हे कृपया लेखी कळवावे.” उत्तर आले की त्यातील तास, रक्कम आणि पद तक्त्याच्या रकान्यांत भरा, आणि मगच धोरणाच्या पहिल्या परिच्छेदाला हात लावा. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही तर तेच पत्र मुख्यालयातील सुरक्षा विभागाला प्रत म्हणून पाठवा. हा प्रश्न त्यांनीच सुरू केला आहे, आणि त्याचे उत्तर देणे त्यांच्याही कामाचा भाग आहे.